कानगोष्ट आणि दवंडी : बिनतारी संवादाच्या दोन तऱ्हा

बिनतारी उपकरणाच्या कुठल्याही खोक्यावर एक आकडा सर्वांत ठळक छापलेला असतो, तो वेगाचा. सेकंदाला इतके मेगाबिट. दुकानदार तोच सांगतो आणि आपणही तोच विचारतो. गेली काही वर्षं बिनतारी संदेशवहनाचा इतिहास आणि त्यामागचं गणित वाचत असताना माझी खात्री होत गेली की हा आकडा खोटा नसला तरी अपुरा असतो. किती वेगानं, याच्या जोडीला किती लांब आणि किती ऊर्जेत हे दोन प्रश्न विचारल्याखेरीज कुठल्याही बिनतारी यंत्रणेची कामगिरी कळत नाही. शिवाय या तिन्ही गोष्टी एकाच वेळी हव्या तेवढ्या मिळत नाहीत. एकीला हात सैल सोडला की दुसरीला आवरतं घ्यावं लागतं.

आपल्या गावगाड्यात बोलण्याच्या दोन तऱ्हा होत्या. एक कानगोष्ट. ती शेजारी बसलेल्याशी करायची. तिच्यात शब्दांना तोटा नाही, भरभर बोललं तरी चालतं आणि पलीकडच्याला त्रास होत नाही. दुसरी दवंडी. आधी हलगी वाजायची, लोकांचे कान टवकारले जायचे, मग मोजके शब्द, संथपणे आणि पुन्हा पुन्हा. ग्रामसभेचा दिवस दवंडीनं कळवता येतो, घरातलं भांडण दवंडीनं मिटवता येत नाही. ब्लूटूथ आणि वायफाय ही कानगोष्टीची तंत्रं आहेत, तर शेतातल्या, धरणावरच्या किंवा समुद्रावरच्या यंत्रांसाठी वापरली जाणारी लांब पल्ल्याची तंत्रं दवंडीची. या दोहोंत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न मला चुकीचा वाटतो. कोणती कशासाठी, आणि निवड चुकली तर कुणाचं नुकसान होतं, हे पाहणं जास्त उपयोगाचं.

दोन वाटा

ही फाटाफूट बिनतारीच्या जन्मापासूनची आहे. १८९५ साली कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी तारेशिवाय, भिंतींच्या पलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. बोस यांच्या लहरी अतिशय आखूड होत्या. काहींची तरंगलांबी जेमतेम पाच मिलिमीटर. प्रकाशाचं परावर्तन, वक्रीभवन, ध्रुवीकरण हे सारे गुण या अदृश्य लहरींतही आहेत का, हे त्यांना टेबलावर मांडलेल्या उपकरणांनिशी तपासायचं होतं. त्यासाठी लहरी आखूड असणंच सोयीचं होतं.

मार्कोनी नेमके उलट दिशेनं गेले. १२ डिसेंबर १९०१ रोजी इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या पोल्धू इथून निघालेली ‘एस’ या अक्षराची तीन टिंबं अटलांटिकपार न्यूफाउंडलंडमध्ये ऐकू आल्याचं त्यांनी जाहीर केलं. त्या दिवशी त्यांनी खरोखर काय ऐकलं याबद्दल अभ्यासकांत आजही वाद आहे. पण त्यांच्या लहरी शेकडो मीटर लांबीच्या होत्या आणि इतक्या खटाटोपानं पाठवायचा मजकूर होता एक अक्षर, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

बोस यांच्या पाच मिलिमीटरच्या लहरीची वारंवारता ६० गिगाहर्ट्‌झ होते. २०१२ साली वायफायच्या घराण्यात याच पट्ट्यात चालणारं मानक आलं, सेकंदाला कित्येक गिगाबिट नेणारं. मात्र त्याची धाव एका खोलीपुरती. हवेतला ऑक्सिजनच या वारंवारतेच्या लहरी शोषून घेतो. समुद्रसपाटीवर एक किलोमीटर जाता जाता केवळ या शोषणापायी लहरीतली ऊर्जा सुमारे तिसाव्या भागावर येते. वेग आणि पल्ला यांची सोयरीक जमत नाही, याचं एवढं स्पष्ट उदाहरण दुसरं नाही.

लांब पल्ल्याच्या वाटेवर एक मैलाचा दगड आपल्या अंगणात आहे. १९२७ मध्ये इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यातली बिनतारी तारसेवा सुरू झाली, तिची केंद्रं होती खडकी आणि दौंड. साम्राज्यभर बिनतारीचं जाळं विणण्याची मूळ योजना प्रचंड ताकदीच्या, लांब लहरींच्या केंद्रांची होती. प्रत्यक्षात लघुलहरी एका दिशेला झोतासारख्या सोडल्या, तर वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परावर्तित होत त्या कितीतरी कमी शक्तीत हजारो किलोमीटर जातात, असं दिसून आलं. म्हणजे आरडाओरडा करण्यापेक्षा तोंडाशी हाताचा कर्णा करून योग्य दिशेला हाक मारणं फायद्याचं ठरलं. प्रक्षेपण खडकीहून आणि ग्रहण दौंडला, अशी सुमारे पाऊणशे किलोमीटरची फारकत का ठेवली असेल? कारण आपणच ओरडत असताना दूरची कुजबुज आपल्याला ऐकू येत नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

जत्रेतलं गणित

लहर पसरत जाते तशी विरळ होते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की पोचणारी ऊर्जा चौथाई होते, दसपट झालं की शंभरावा हिस्सा. जमिनीलगत झाडं, घरं, टेकड्या असतात, तिथं ही घसरण आणखी तीव्र. पण सिग्नल क्षीण होणं हे एकच संकट नाही. प्रत्येक रिसीव्हरमध्ये उष्णतेमुळे इलेक्ट्रॉनांची सतत चुळबुळ चालू असते आणि भोवतालच्या यंत्रांची खरखर तीत मिसळते. खरा प्रश्न असतो तो सिग्नल या गोंगाटाच्या मानानं किती मोठा आहे, हा.

१९४८ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत काम करणाऱ्या क्लॉड शॅनन यांनी याचा हिशेब कायमचा मांडून ठेवला. एखाद्या मार्गानं बिनचूक किती माहिती नेता येईल, हे दोनच गोष्टींवर ठरतं : वारंवारतेचा किती रुंद पट्टा हाताशी आहे, आणि सिग्नल गोंगाटाच्या किती पट आहे. जत्रेतला अनुभव आठवावा. शेजारच्याच्या कानाशी लागून आपण अख्खी हकिगत सांगू शकतो. पाळण्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला मात्र ‘इ-क-डे ये’ एवढंच, तेही अक्षर ताणून, दोन-तीनदा सांगावं लागतं. शॅनन यांचं सूत्र असं सांगतं की सिग्नल गोंगाटाखाली दबला तरी संवाद अशक्य होत नाही, तो फक्त हळू होतो. लांब पल्ल्याची सारी तंत्रं या एका दिलाशावर उभी आहेत.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे व्हॉयेजर-१. सप्टेंबर १९७७ मध्ये निघालेलं हे यान आता २,४०० कोटी किलोमीटरहून दूर आहे. त्याचा प्रक्षेपक घरातल्या एखाद्या एलईडी दिव्याइतक्या, वीस-बावीस वॅट शक्तीचा. तरी त्याचं बोलणं पृथ्वीवर ऐकू येतं, कारण ऐकायला ७० मीटर व्यासाच्या तबकड्या आहेत आणि ते बोलतं सेकंदाला अवघे १६० बिट.

आखूड पल्ल्याचा गुण

ब्लूटूथचं काम १९९४ मध्ये स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत सुरू झालं. हेतू साधा होता : फोन आणि त्याच्या जोडउपकरणांमधली केबल काढून टाकायची. नाव मात्र हजार वर्षांपूर्वीच्या हॅराल्ड ब्लूटूथ या डॅनिश राजाचं. त्याच्या नेहमीच्या प्रकाराची शक्ती अडीच मिलिवॅट आणि पल्ला दहाएक मीटर. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात त्याचे ७९ कप्पे आहेत आणि मूळ ब्लूटूथ सेकंदाला १,६०० वेळा कप्पा बदलतं. एका कप्प्यात शेजाऱ्याचं वायफाय किंवा मायक्रोवेव्ह ओव्हन गोंधळ घालत असलं तरी पुढच्याच क्षणी ते दुसरीकडे उडी मारून गेलेलं असतं.

पल्ला आखूड असणं ही या तंत्रांची उणीव आहे, असं आपण गृहीत धरतो. मला तो त्यांचा मोठा गुण वाटतो. एखाद्या गृहसंकुलातल्या दोनशे घरांत दोनशे जण एकाच पट्ट्यात एकाच वेळी गाणी ऐकू शकतात, ते प्रत्येकाची लहर भिंतीपाशी दमते म्हणूनच. प्रत्येकाची लहर पाच किलोमीटर गेली असती, तर त्या पट्ट्यात एकाही घराला धड काही ऐकू आलं नसतं. वारंवारतेचा पट्टा ही सामायिक मालमत्ता आहे, गावच्या गायरानासारखी. आखूड पल्ला म्हणजे तिथं प्रत्येकानं आपली गाय दोरीनं बांधून चारणं.

वायफायचं पहिलं मानक १९९७ साली आलं, सेकंदाला दोन मेगाबिटांचं. १९९९ मध्ये ते अकरा मेगाबिटांवर गेलं आणि पुढची वाढ आपण पाहिलीच आहे. पण वायफायचा वेग हा ठरीव आकडा नसतो. सेकंदाला ५४ मेगाबिट देणाऱ्या त्याच्या एका मानकात त्या कमाल वेगासाठी जितका सिग्नल हवा, त्याच्या पन्नासाव्या भागाइतक्या सिग्नलवर सहा मेगाबिटांचं बोलणं चालतं. आपण राउटरपासून दूर जातो तसं यंत्र मुकाट्यानं हळू बोलू लागतं. आतल्या खोलीत चित्रपट अडखळतो, तो या तडजोडीमुळे.

लांबची हाक

दवंडीच्या तऱ्हेचं आजचं ठळक उदाहरण म्हणजे लोरा. फ्रान्समधल्या ग्रनोबल इथल्या सायक्लिओ या छोट्या कंपनीनं ते विकसित केलं आणि २०१२ मध्ये सेमटेक या अमेरिकी कंपनीनं ती कंपनी घेतली. यात प्रत्येक चिन्ह एका चढत जाणाऱ्या सुरासारखं पाठवतात, गवयानं खालच्या षड्जापासून वरच्यापर्यंत मींड घ्यावी तसं. मींड कुठून सुरू झाली यावरून चिन्ह ओळखायचं. संदेशाआधी त्याच त्या मिंडा ओळीनं येतात, ऐकणाऱ्यानं सावध व्हावं म्हणून. हीच ती हलगी. मींड जितकी संथ तितकी ती गोंगाटातून ओळखणं सोपं. सर्वांत संथ प्रकारात सिग्नल गोंगाटाच्या शंभराव्या भागाइतका असला तरी रिसीव्हर तो हुडकून काढतो. वायफायला ५४ मेगाबिटांसाठी जितका सिग्नल लागतो, त्याच्या दीड कोटीव्या हिश्शाहूनही कमी सिग्नलवर लोराचं भागतं.

आता याची किंमत पाहू. मी साधं गणित मांडून पाहिलं. एखाद्या द्राक्षबागेतल्या ओलावामापकाला बारा बाइटांचा निरोप पाठवायचा आहे. त्यात ओलावा, तापमान, बॅटरीची स्थिती सहज मावते. लोराच्या सर्वांत जलद प्रकारात हा निरोप सेकंदाच्या सोळाव्या भागात जातो. सर्वांत संथ प्रकारात त्याला दीड सेकंद लागतो. म्हणजे चोवीसपट वेळ आणि चोवीसपट ऊर्जा. बदल्यात मोकळ्या जागेत पल्ला सुमारे चौपट वाढतो, झाडाझुडपांच्या जमिनीवर दुपटीच्या आसपास. सौदा महागाचा आहे, पण तासाला एकदा बोलणाऱ्या यंत्राला परवडतो : दिवसभरात बोलणं अवघं छत्तीस सेकंद, उरलेला वेळ झोप. म्हणून एका बॅटरीवर असं यंत्र काही वर्षं काढू शकतं.

याच संथ मार्गानं एक मेगाबाइटचं छायाचित्र पाठवायचं ठरवलं तर? एका पुडक्यात जास्तीत जास्त ५१ बाइट मावतात, म्हणजे सुमारे वीस हजार पुडकी. एकही पुडकं वाया न जाता आणि मध्ये उसंत न घेता पाठवली तरी पंधरा तासांहून जास्त. सेकंदाला ५० मेगाबिटांच्या वायफायवर तेच छायाचित्र सेकंदाच्या सहाव्या भागात पोचतं. उलट तो ओलावामापक वायफायवर टाकला, तर बांध ओलांडेपर्यंत त्याचा आवाज विरून जाईल. कोळ्याच्या जाळ्यानं विहिरीचं पाणी शेंदता येत नाही आणि पोहऱ्यानं मासे धरता येत नाहीत.

वारंवारतेचाही वाटा यात आहे. भारतात विनापरवाना वापरासाठी २००५ मध्ये ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झचा पट्टा खुला झाला आणि २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढला. इथली लहर सुमारे पस्तीस सेंटिमीटर लांब, २.४ गिगाहर्ट्‌झची साडेबारा. सारख्याच धाटणीच्या अँटेना वापरल्या, तर तेवढ्याच अंतरावर पहिलीची ऊर्जा जवळपास पावणेआठपट अधिक हाती लागते आणि ओल्या पानांतूनही ती अधिक सहज पार होते. पण हा पट्टा तीन मेगाहर्ट्‌झचा, तर २.४ गिगाहर्ट्‌झचा सुमारे ८३ मेगाहर्ट्‌झ रुंद. लांब जाणारी वाट अरुंद आहे आणि रुंद वाट जवळच संपते.

जवळची सवय, लांबचा रस्ता

मग कानगोष्टीच्या तंत्रालाच लांब नेलं तर? व्हेनेझुएलात २००७ साली साध्या वायफाय उपकरणांना दिशादर्शी अँटेना लावून दोन डोंगरांमध्ये ३८२ किलोमीटरचा दुवा जोडून दाखवला गेला. तिथं एक मजेशीर अडचण समोर येते. वायफाय प्रत्येक पुडक्यानंतर पोच मिळण्याची वाट पाहतं, तीही क्षणभरच, कारण समोरचा खोलीतच आहे असं त्यानं धरलेलं असतं. त्याच्या एका मानकात वेळेचं मूळ माप वीस मायक्रोसेकंदांचं आहे, आणि तेवढ्यात लहर फक्त सहा किलोमीटर जाते. समोरचा पंधरा किलोमीटरवर असेल तर जाऊन येण्यातच शंभर मायक्रोसेकंद मोडतात. पोच वाटेत असतानाच पाठवणारा निष्कर्ष काढतो की निरोप बुडाला, आणि पुन्हा पाठवू लागतो. दुवा आपल्याच उतावळेपणानं कोंडतो. अँटेनानं आवाज लांब जातो, शिष्टाचार मात्र घरातलेच राहतात.

तामिळनाडूत थेनी इथल्या अरविंद नेत्र रुग्णालयासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलेतल्या संशोधकांनी या सवयी बदलल्या. एकमेकांचा कानोसा घेऊन बोलण्याऐवजी प्रत्येक टोकाला बोलण्याची पाळी आणि वेळ ठरवून दिली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार यामुळे दुव्याची वहनक्षमता दोन ते पाच पटींनी वाढली. या दुव्यांवरून आजूबाजूच्या गावांतल्या तपासणी केंद्रांत बसलेला रुग्ण पडद्यावर थेनीच्या डॉक्टरांशी बोलू लागला. ज्याला शस्त्रक्रियेची गरज आहे त्यानंच प्रवास करायचा. बाकीच्यांचं एसटीभाडं आणि बुडणारी मजुरी वाचली. वेगाचा आकडा इथंही होता, काही मेगाबिटांचा. शहरातल्या खोक्यावर तो छापायलाही कुणी धजणार नाही. पण योग्य अंतरावर तेवढा पुरला.

जवळचा आवाज आवरणं

दोन्ही तऱ्हा एकाच हवेत नांदतात, आणि जवळचा मोठा आवाज दूरच्या क्षीण आवाजाला गिळतो. याची सर्वांत दारुण नोंद १४ एप्रिल १९१२ च्या रात्रीची आहे. टायटॅनिकचा बिनतारी यंत्रचालक न्यूफाउंडलंडमधल्या केप रेसच्या दूरस्थ केंद्राशी प्रवाशांच्या निरोपांची देवाणघेवाण करत होता. तेवढ्यात जवळच असलेल्या कॅलिफोर्नियन जहाजावरून बर्फाची सूचना आली. जहाज जवळ असल्यानं तिचा आवाज कानठळ्या बसवणारा होता आणि केप रेसचा धागा तुटत होता. त्यानं त्रासून समोरच्याला गप्प केलं. कॅलिफोर्नियनचा एकुलता एक यंत्रचालक थोड्या वेळानं यंत्र बंद करून झोपला. त्यानंतर काही मिनिटांतच टायटॅनिक हिमनगावर आदळली. तिचा टाहो ऐकला अठ्ठावन्न सागरी मैलांवरच्या कार्पेथियानं; ती पोचली पहाटे चारच्या सुमारास आणि सुमारे सातशे माणसं वाचली. काही मैलांवरच्या जहाजाच्या खोलीत मात्र ऐकणारा जागा नव्हता. त्यानंतर जहाजांवर रात्रंदिवस कान देण्याचे आंतरराष्ट्रीय नियम झाले. लांब पल्ल्याच्या यंत्रणेत बोलण्याइतकंच ऐकत राहणंही कामगिरीचा भाग असतं, हे जगाला त्या रात्रीनं शिकवलं.

जुन्नर तालुक्यातल्या खोडदची महाकाय दुर्बीण हेच आपल्याला वेगळ्या पद्धतीनं सांगते. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या तिथं दूरच्या दीर्घिकांचे रेडिओसंकेत टिपतात. जागा निवडताना परिसरातला माणसानं निर्माण केलेला रेडिओगोंगाट कमी असणं, हा एक महत्त्वाचा निकष होता. शांतता हीसुद्धा तिथली एक साधनसामग्री आहे.

पालघरचा धडा

शेवटी एक उदाहरण दोन्ही तऱ्हांच्या सहकार्याचं. पालघर जिल्ह्यातल्या खामलोली आणि आसपासच्या गावांत आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पानं दूरचित्रवाणीच्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातल्या रिकाम्या वाहिन्या वापरून पाहिल्या. या संशोधकांच्याच अभ्यासात असं दिसलं होतं की देशभरात या पट्ट्यातल्या पंधरापैकी किमान बारा वाहिन्या न वापरलेल्या आहेत. झाडी आणि चढउतार यांच्या मुलखात या लांब लहरी गावागावांपर्यंत इंटरनेट नेतात आणि गावात पोचल्यावर साधं वायफाय ते लोकांच्या हातातल्या फोनपर्यंत पोचवतं. मधला पल्ला एकीचा, शेवटची काही पावलं दुसरीची.

यातून मी घेतलेला धडा व्यवहाराचा आहे. एखादी बिनतारी योजना समोर आली की वेगाचा आकडा जरा बाजूला ठेवून चार प्रश्न विचारावेत. सांगायचं किती आहे? ऐकणारा किती दूर आहे आणि मध्ये काय आहे? वीज कुठून येणार, तारेतून की बॅटरीतून? आणि त्याच हवेत आणखी कोण कोण बोलतं आहे? पुराची पातळी कळवणाऱ्या यंत्राला चित्रपटाचा वेग नको, मुसळधार पावसातही पोचणारे बारा बाइट हवेत. दुखऱ्या डोळ्यांच्या म्हातारीला बारा बाइट पुरत नाहीत, तिला डॉक्टरचा चेहरा दिसायला हवा. एकाची गरज दुसऱ्याच्या मापानं मोजली, की पैसा खर्च होतो, फलक लागतो, आणि ज्याला बोलायचं होतं त्याचं बोलणं मधेच राहून जातं.